खेळण्यांचा टब, हरवलेला नंदी आणि सहा हजारांचा रॅक

पत्र: काकू, नमस्कार. आम्ही नागपुरात मनीषनगरला टू बीएचकेमध्ये राहतो. मी, मिस्टर, सासूबाई, साडेसहा वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये असतात, मी सकाळी शाळेत शिकवते. घरात खेळणी इतकी झाली आहेत की पाय ठेवायला जागा नाही. एक मोठा निळा टब आहे, त्यात सगळं भरून ठेवते, दहा मिनिटांत तो उलटा होतो. यंदा तर हद्दच झाली. माझ्या सासऱ्यांनी नातवाला दिलेला लाकडी नंदी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सापडलाच नाही, शेजाऱ्यांचा मागून आणावा लागला, मुलगा रडून रडून झोपला. वीस दिवसांनी त्याच टबाच्या तळाशी निघाला, एक शिंग तुटलेलं. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. मिस्टर म्हणतात बारा डब्यांचा तो सहा हजारांचा टॉय ऑर्गनायझर मागवू. मी म्हणते अर्धं भंगारवाल्याला देऊ. सासूबाई म्हणतात एक वस्तू घराबाहेर जाणार नाही, आणि दर महिन्याला बर्डीच्या बाजारात गेल्या की नवीन काहीतरी घेऊन येतात. काय करू? (पसाऱ्यात पाय रुतलेली)

अगं, पत्र वाचताना आधी हसू आलं अन् मग नंदीपाशी येऊन थांबले. तुला अगं-तुगं करून राहिले त्याचा राग मानू नको, माझी पोरगी तुझ्याच वयाची आहे आणि तिच्या घरी पण सेम असाच टब होता, फक्त हिरवा. आता तान्ह्या पोळ्याला नंदी न सापडणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईकडच्या लोकांना नाही कळायचं. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली सुरू केला असं सांगतात, म्हणजे दोनशे वर्षांच्या वर झाली, अन् तेव्हापासून आपल्याकडची पोरं वर्षातून एक दिवस चाकाचा बैल ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. त्या दिवशी शेजाऱ्यांचा नंदी घेऊन फिरायचं म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून लग्नाला गेल्यासारखं. रडलं पोरगं तर बरोबरच रडलं.

पण एक लक्षात घे, नंदी पसाऱ्यात नाही हरवला, टबात हरवला. म्हणजे तू आवरून ठेवला म्हणून हरवला. हे जरा सविस्तर सांगते कारण तुझं निम्मं दुखणं त्या टबातच आहे.

पाहा, टब असतो दीड-दोन फूट खोल. पोराला वरून दिसतं काय, तर वरचा एक थर, चार गाड्या, बॅटचं मूठ, टेडीचा एक कान. त्याला पाहिजे असतं ते नेमकं तळाला. अन् तळाला जायचा रस्ता एकच, टब आडवा करायचा. यात मस्ती नाही की हट्ट नाही. तुला कोणी तांदूळ, तुरीची डाळ, साखर, मोहरी, पोहे सगळं एकाच पिंपात भरून दिलं अन् म्हटलं कर आता वरण-भात, तर तू पण पिंप पालथंच घालशील नं? आणि गंमत अशी की सगळं सांडून झालं की पोरं त्यातलं काहीच खेळत नाहीत, ढिगाऱ्यात उभी राहतात अन् म्हणतात आई बोअर होऊन राहिलं, मोबाईल दे. आपण चिडतो, एवढं आणून दिलं तरी काय बोअर होतं तुम्हाला म्हणून. पण एवढं आणून दिलं म्हणूनच होतं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या लोकांनी हे मोजून पाहिलं होतं, 2018 साली ते छापून आलं. दीड ते अडीच वर्षांची 36 पोरं घेतली, म्हणजे तुझ्या धाकटीच्याच वयाची, एकदा समोर 4 खेळणी ठेवली अन् एकदा 16. चार होती तेव्हा पोरं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी जास्त प्रकारांनी खेळली. सोळा होती तेव्हा नुसत्या उड्या, यावरून त्यावर. तुझ्या टबात किती असतील ते मोज एकदा, मला नको सांगू.

तर टब गेला. फेकू नको, वाळलेले कपडे टाकायला ठेव, त्या कामाला तो झकास आहे.

आता मिस्टरांचा रॅक. नको घेऊ, निदान दोन महिने तरी नको. त्यांचा हेतू चांगला आहे, थकून घरी येतात अन् पायाखाली ब्लॉक येतो, मी समजू शकते. पण डबा आणला की तो भरतोच, हे मी फ्रीजपासून कपाटापर्यंत सगळीकडे पाहिलं आहे. बारा डबे आले की बारा डबे भरतील, म्हणजे एका मोठ्या टबाचे बारा छोटे टब, अन् धाकटी एका झटक्यात बाराही खेचून काढेल. शिवाय ते रॅक असतात पाईपवाले, हलके, धाकटी चढली की रॅक तिच्या अंगावर. रॅक कोणताही असो, प्लायचा असो की लोखंडाचा, पोरांच्या घरात तो एल पट्टी अन् स्क्रूने भिंतीला बांधलेला पाहिजे. भाड्याचं घर असलं तरी दोन भोकं पाडायची, घरमालकाला नंतर भरून देता येतात.

मग आधी काय, तर एका रविवारी मोजणी. मिस्टरांची सुट्टी बघून कर, एकटीने नको करू, एकटीने केलं की दुपारी तीनला तू त्या ढिगात बसून कोणाच्या तरी बारशाचा खुळखुळा हातात घेऊन रडत असशील. हॉलमध्ये दोन जुन्या चादरी अंथरा अन् घरातलं सगळं तिथे आणा, दिवाणातलं, कपाटामागचं, गाडीच्या डिकीतलं, बाथरूममधलं सुद्धा. धाकटीला तेवढा वेळ आजीजवळ दे, मोठ्याला मात्र सोबत बसव, तो साडेसहाचा आहे, त्याच्या पाठीमागे त्याची वस्तू काढलीस तर तो जन्मभर लक्षात ठेवेल. मी एकदा आमच्या मोठ्याचं एका डोळ्याचं माकड गुपचूप टाकून दिलं होतं. आज तो 31 वर्षांचा आहे, बँकेत आहे, अजून दर दिवाळीला विचारतो आई माझं माकड कुठे गेलं गं.

मोजणीत तुला दिसेल की बरंचसं तर खेळणं नाहीच आहे. बिनटायरच्या गाड्या, गाडी नसलेले टायर, रिमोट आहे पण हेलिकॉप्टर नाही, पझलचे सुटे तुकडे, फास्ट फूडसोबत आलेली ती प्लास्टिकची बाहुली, वाढदिवसांच्या रिटर्न गिफ्टमधल्या शिट्ट्या. जे तुटलंय, धारदार झालंय, ते तिथल्या तिथे पोत्यात. पोतं भरताना मारबतीच्या मिरवणुकीत ओरडतात तसं ओरडायचं, इडा पिडा घेऊन जा गे मारबत, पोराला मजा वाटते अन् टाकायचं दुःख पण कमी होतं, करून पाहा. जे सुटे भाग चांगले आहेत पण ज्यांचा मालक सापडत नाही त्यांच्यासाठी एक डबा ठेव, आमच्याकडे त्याला भुलेभटके डबा म्हणायचे, जत्रेत माईकवर सांगतात नं तसं. झाडताना सापडलेलं चाक, झाकण, सोंगटी, सगळं भुलेभटक्यात. महिन्याने उघडायचा, ज्याला कोणी न्यायला आलं नाही तो गेला.

पझलचं एक सांगून ठेवते, नंतर विसरेन. प्रत्येक पझलच्या सगळ्या तुकड्यांच्या मागे पेनाने एकच खूण करायची, एकाला फुली, एकाला गोल, एकाला क. मग तीन पझल एकत्र झाले तरी पाच मिनिटांत वेगळे होतात. पुठ्ठ्याचं खोकं फाटतंच, ते टाकून दे, वरचं चित्र कापून घे अन् तुकड्यांसोबत चेनवाल्या पारदर्शक साडी कव्हरमध्ये टाक. लूडो-सापशिडीच्या सोंगट्या छोट्या डबीत. आमच्या हिंगाच्या डबीत होत्या, आमच्या लूडोला अजून फोडणीचा वास येतो.

आता जे चांगलं उरलं त्याचे तीन भाग कर, तिन्हीत थोडं थोडं सगळं आलं पाहिजे, थोडं जोडायचं, थोड्या गाड्या, थोडी भातुकली, एखादं पझल. एक भाग बाहेर राहील, दोन वर जातील. दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल. फार काटेकोर राहू नको, पोरं कंटाळलेली दिसली की बदल. वरून खाली आलेलं खेळणं पोरांना अगदी नवीन वाटतं, मी खोटं नाही सांगत, स्वतःच्याच गाडीला पाहून ओरडतात, अरे ही कुठून आली! नवीन आणायची भूक त्याने अर्धी होते. एखादं फारच लाडकं असेल, ज्याच्याशिवाय झोप येत नाही, ते या फेऱ्यात धरू नको, ते कायम बाहेर.

जे बाहेर आहे ते कुठे ठेवायचं? खाली. पोराच्या हाताला येईल तिथे. अडीच फूट उंच, एक फूट खोल, दोन खणांचं उघडं शेल्फ, बस. सुताराला सांग नाहीतर घरातला जुना बुटांचा रॅक धुऊन घे, टीव्ही युनिटचा खालचा कप्पा रिकामा कर. मारिया माँटेसरी बाईंनी 1907 साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या पोरांसाठी पहिलं बालघर काढलं तेव्हापासून हेच सांगितलं, पोराच्या उंचीची बुटकी कपाटं ठेवा म्हणजे पोर स्वतः घेईल अन् स्वतः ठेवेल. आपण काय करतो, तर वस्तू घ्यायच्या वेळी पोराने मागायच्या अन् ठेवायच्या वेळी आपण ठेवायच्या, आणि मग म्हणतो याला ठेवायची सवयच नाही.

शेल्फवर वीतभर खोल टोपल्या. झाकण अजिबात नको. झाकण लावणं हे मोठ्यांचं काम आहे, पोरगं झाकण काढतं, ते झाकण सोफ्याखाली जातं अन् तिथेच राहतं. एका टोपलीत एकच जात, गाड्या म्हणजे गाड्या, भातुकली म्हणजे भातुकली. भाजीच्या बाजारात मिळते ती जाळीची प्लास्टिकची टोपली चालते, श्रीखंडाचे डबे, मिठाईचे डबे चालतात, हल्दीरामचे टिनचे डबे तर आपल्या गावात घरटी निघतातच. धाकटीला वाचता येत नाही म्हणून टोपलीवर चित्र लाव, मोबाईलवर गाडीचा फोटो काढून प्रिंट मार अन् रुंद सेलोटेपने चिकटव, मोठ्याला खाली मराठीत लिहायला लाव, त्याचं अक्षर सुधारेल अन् मालकी पण येईल.

ब्लॉकचं मात्र वेगळं. ब्लॉक टोपलीत ठेवले तरी पोरगं ते ओततंच, कारण दोनशे तुकड्यांतून तो एक पिवळा चपटा शोधायचा असतो. म्हणून ओतूच दे, पण चादरीवर. सिंगल बेडची जुनी चादर घे, कडेने नाडी ओव, खेळायच्या वेळी पसरवायची, झालं की नाडी ओढून बोचकं. आवरायला अर्धं मिनिट. मिस्टरांच्या पायाचा प्रश्न इथेच सुटला, बाकी काही नाही केलंस तरी हे एवढं कर.

पण थांब, ते बोचकं धाकटीच्या हाताला लागू देऊ नको. दोन पोरांच्या वयात चार वर्षांचं अंतर आहे अन् तू पत्रात त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस, मला खरी काळजी त्याचीच वाटली. तीन वर्षांखालचं लेकरू सगळं तोंडात घालतं. खेळणी तपासायला जे प्रमाणाचं नळकांडं असतं त्याची रुंदी 31.7 मिलिमीटर असते, त्यात जे अख्खं मावतं ते तीन वर्षांखालच्या पोराला गळ्यात अडकू शकतं असं धरतात. आपलं 10 रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं आहे, म्हणजे नळकांडं त्या नाण्यापेक्षा जरासंच रुंद. तर मोठ्याची बारकी खेळणी, ब्लॉक, गोट्या, मणी, सोंगट्या, हे सगळं मोठ्याच्या डोक्याच्या उंचीवर, चेनच्या पाऊचमध्ये, अन् खेळायचं ते धाकटी झोपल्यावर किंवा डायनिंग टेबलवर. मोठ्याला हे नियम म्हणून नको सांगू, त्याचा हक्क म्हणून सांग, ही तुझी स्पेशल जागा, तिला हात नाही लावू द्यायचा. तो पोलीस होऊन बसतो.

बटन सेलचं तर हात जोडून सांगते. गाणारे ग्रीटिंग, लाईटचे बूट, छोटे रिमोट, बर्डीच्या फुटपाथवरची ती लुकलुकणारी खेळणी, त्यात ते चपटे चांदीसारखे सेल असतात. लेकराने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून भाजायला लागतो. ज्या खेळण्याच्या सेलचं झाकण स्क्रूचं नाही, नुसतं नखाने उघडतं, ते आजच घराबाहेर. ताकदवान लोहचुंबकाचे मणीही तसेच, दोन गिळले तर पोटात आतडी मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. नुसता संशय आला तरी घरगुती उपाय नाही, उलटी काढायची नाही, सरळ मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत. आणि नवीन आणताना आयएसआयचा शिक्का पाहायचा, 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. सासूबाईंना पण दाखवून ठेव कसा दिसतो ते.

आता जे दोन भाग वर जाणार आहेत त्याचं सांगते, कारण आपल्या नागपुरात खेळणी ठेवायची म्हणजे हवामानाशी भांडण आहे. बाल्कनीत काही ठेवू नको. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बंद बाल्कनीत त्याच्यापेक्षा जास्त, एका उन्हाळ्यात प्लास्टिक पापडासारखं कडकडीत होतं, हात लावला की तुकडे, अन् ते तुकडे सुरीसारखे. कुलरच्या समोर पण नको. कुलरच्या ओल्या हवेने टेडी-बाहुल्या आतून दमट होतात, बाहेरून कोरड्या वाटतात अन् जून-जुलैत कुबट वास सुटतो, मग आपण म्हणतो पोरगं सारखं शिंकतं कशाने. टेडी उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून मशीनला लाव अन् एप्रिलच्या उन्हात टाक, दुपारपर्यंत खडखडीत. ते तेवढं एक काम आपलं ऊन फुकटात करतं.

पुठ्ठ्याची खोकी तर अजिबातच नको. आमचं महाल भागात जुनं घर होतं, तिथे माळ्यावर पोरांची खेळणी पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून भिंतीला टेकवून ठेवली होती, व्यवस्थित, चिकटपट्टी मारून, वर नावं लिहून. दीड वर्षाने खोकं उचललं तर नुसत्या भिंती हातात आल्या, तळ माळ्यावरच राहिला. आत माती. उधईने, म्हणजे वाळवीने, लाकडी भोवरे, विटी-दांडू, चित्रांची पुस्तकं, भातुकलीचं लाकडी जातं, सगळं खाऊन त्याची मातीची घरटी करून ठेवली होती, अन् त्या मातीच्या मधोमध प्लास्टिकचा एक निळा हत्ती जसाच्या तसा उभा. तो हत्ती आहे अजून माझ्याकडे. तेव्हापासून माझा नियम, वर जाणारं सगळं झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, पारदर्शक असेल तर उत्तम, भिंतीपासून चार बोटं दूर. इथे झाकण चालतं कारण इथे पोराला हात घालायचा नाही. डांबर गोळ्या टाकू नको, पोरांना त्या पेपरमिंट वाटतात अन् त्या विषारी असतात. कडुलिंबाचा पाला वाळवून फडक्यात बांधून टाक.

वर टाकायच्या आधी सगळ्या खेळण्यांतले सेल काढायचे. हे कोणी करत नाही. पोरीचा एक गाणारा कुत्रा मी तसाच ठेवला होता, उन्हाळा गेल्यावर काढला तर मुका. मागचं झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरी-हिरवट भुकटी, सेल फुटून वाहून गेलेला. व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून पाहिलं, हातात मोजे घालून, तो काही बोलला नाही. पिळून पाणी उडवायची रबरी बदकं-मासे वर टाकूच नको, ती आतून कधी वाळत नाहीत, दाबलं की काळी घाण निघते, सहा महिन्यांनी सरळ बदल. घरात जुनी लोखंडी पेटी असेल अन् तिच्यात भरायचा विचार असेल तर तिला कुलूप पाहिजे, पोरं लपाछपीत आत शिरतात, वरून झाकण पडतं अन् आत हवा नसते.

आता सासूबाई. तू पत्रात त्यांच्याबद्दल दीड ओळ लिहिलीस पण ती दीड ओळ मी तीनदा वाचली. सासरे गेले दोन वर्षांपूर्वी, नंदी सासऱ्यांनी दिलेला, आणि त्या म्हणतात एक वस्तू घराबाहेर जाणार नाही. त्यांना तुझ्या टबातलं प्लास्टिक थोडीच पाहिजे असेल. त्यांना भीती असेल की एकदा पोतं उघडलं की सूनबाई कुठे थांबेल. म्हणून मोजणीच्या आधी, आधी म्हणते मी, नंतर नाही, त्यांच्याजवळ एक रिकामी चांगली पेटी घेऊन जा अन् म्हण, आई, यात तुम्हाला जे ठेवायचं ते तुम्ही ठेवा, या पेटीला कोणी हात लावणार नाही. पेटी एकच. ती भरली की काय काढून काय ठेवायचं ते त्या ठरवतील. बघ मग, त्या तुझ्यापेक्षा कडक निघतात. माझ्या सासूबाईंनी तर पेटीत फक्त तीन वस्तू ठेवल्या अन् बाकी पोतं स्वतः बांधलं, म्हणाल्या, काऊन बाई एवढा कचरा साठवून राहिल्या तुम्ही!

आणि बर्डीवरून येणारं नवीन खेळणं बंद करायला जाऊ नको, ते बंद होणार नाही आणि घरात भांडण तेवढं होईल. त्यांना त्या खेळण्यापेक्षा पोरं धावत येतात ते पाहिजे असतं. मग असं ठरवा की आजीने आणलेलं आजीच्या खोलीत, आजीच्या ड्रॉवरमध्ये, अन् खेळायचं आजीच्या सोबत. पोरं रोज धावत जातील, महिन्यातून एकदाच कशाला. ड्रॉवर भरला की काय ते आजी पाहतील.

द्यायच्या ज्या चांगल्या वस्तू निघतील त्या आजींच्याच हाताने देऊ द्या. जवळच्या अंगणवाडीत आधी सेविकेला विचारा काय पाहिजे, मगच न्या. अन् धुऊन, सेल घालून, पूर्ण भाग असलेलीच द्यायची. घरकामाच्या मावशींच्या हातात तुटकं-फुटकं पोतं देणं हे दान नाही, तो आपला कचरा उचलायला लावणं आहे, मला त्याचा फार राग येतो. तुटकं प्लास्टिक भंगारवाल्याला, सेल वेगळे काढून.

आवरायची वेळ रात्री जेवणानंतर ठेवू नको, तेव्हा तू पण थकलेली असतेस अन् पोरं पण पेंगुळलेली, रोज रडारड होईल. दिवाबत्तीच्या वेळेला ठेव. सासूबाई देवाजवळ दिवा लावतच असतील, त्यांना सांग तुम्ही दिवा लावायच्या आधी हाक मारा, दिवा लागेपर्यंत गाड्या घरी. शेल्फवर दहा-बाराच वस्तू असल्या तर पाच मिनिटांचं काम आहे. अडीच वर्षांच्या पोरीला "आवर" म्हटलं तर काही कळत नाही, तिला "सगळ्या वाट्या या टोपलीत आण" म्हटलं तर कळतं. मोठ्याने जोडलेला किल्ला किंवा अर्धं राहिलेलं पझल मोडायला लावू नको, एक जुना ट्रे ठेव त्यासाठी, त्यावर ठेवायचं अन् ट्रे कपाटावर, सकाळी पुढे. आणि एखाद्या दिवशी नाही आवरलं तर नाही आवरलं. तू शाळेतून येतेस, मिस्टरांची नाईट असते, दोन लेकरं आहेत, आपल्याला काय शोरूम थोडीच उघडायचं आहे.

मोजणी वर्षातून दोनदाच, एकदा दिवाळीच्या साफसफाईत अन् एकदा पोळ्याच्या आधीच्या रविवारी. पोळ्याच्या आधी केली की नंदी आपोआप हाताला लागतो. त्याला खेळण्यात ठेवूच नको मुळात. सुती पंच्यात गुंडाळून, कडुलिंबाची दोन पानं घालून देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेव, सासूबाईंच्या ताब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नको, लाकूड दमट होतं. तुटलेलं शिंग सापडलं असेल तर फेव्हिकॉल लावून सुतळीने घट्ट बांध अन् दिवसभर तसंच राहू दे, नसेल सापडलं तर सुताराकडून नवीन बसवून घे, पण रंग पूर्ण नवा देऊ नको, सासऱ्यांनी आणला तेव्हाचा आहे तो राहू दे. चाकाच्या आसाला खोबरेल तेलाचा एक थेंब. अन् भुलेभटके डब्यात शिंग एकदा नीट पाहून घे, मला वाटते तिथेच निघेल.